लॉन्ड्रीतली चार पिल्लं

लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत कपडे वाळवायचं एक कपाट होतं. पत्र्याचं, आत माणूस उभा राहील एवढं उंच. खाली गरम नळ्या, वर ओळीने दांड्या. आत किती गरम आहे हे दाखवायला दारावर एक तबकडी होती, पण तिचा काटा कधीचाच अडकून बसला होता. ताईला त्याची गरज नव्हती. दार किलकिलं करून ती मनगट आत धरायची आणि स्वतःशीच म्हणायची, "आता रेशमी घालू," किंवा "अजून नको."

गल्लीतले सगळेच तिला ताई म्हणत. तिच्याहून वीस वर्षांनी मोठी असलेली गिऱ्हाइकंसुद्धा. खरी ताई मात्र ती एकाचीच होती, धाकट्याची. धाकटा कालव्यातला गाळ काढणाऱ्या बोटीवर कामाला होता. रुंद छातीचा, हसरा माणूस. त्याचे पाय गुडघ्यांपासून बाहेरच्या बाजूला वाकलेले होते. उभा राहिला की दोन पायांच्या मधून पलीकडचं दिसायचं. लहानपणी पोरं त्याला कमान म्हणायची. तो रागवायचा नाही, उलट पाय आणखी फाकवून उभा राहायचा आणि म्हणायचा, "जा, खालून जा एकेक."

एका संध्याकाळी तो डोक्यावरचं हेल्मेट हातात उलटं धरून लॉन्ड्रीत आला. हेल्मेटमध्ये मोजे होते आणि मोज्यांत सहा अंडी.

"हे काय?" ताईने विचारलं.

"अंडी."

"ते दिसतंय मला. इथे कशाला आणलीस?"

"काठावर एक म्हातारा बदकं पाळायचा. तो आता मुलीकडे राहायला गेला, बदकं विकून टाकली. ही घरट्यात तशीच राहिली. उद्या तिथे आमचं यंत्र फिरणार." त्याने मागच्या खोलीकडे मान वळवली. "तुझं कपाट आहे ना. ऊब आहे त्यात."

"आणि मोज्यांत गुंडाळून आणलीस?"

"धुतलेले आहेत."

"कोणी धुतलेले?"

"तूच," धाकटा म्हणाला आणि हसला.

दुसऱ्या दिवशी तेवढा काठ उरकून त्याची बोट वरच्या अंगाला निघून गेली. काम अडीच महिन्यांचं होतं. जाताना त्याने एवढंच सांगितलं की अंडी रोज उलटायची असतात आणि त्यांना थोडा ओलावा लागतो. बाकीचं ताईने आपल्या मनगटाला विचारून ठरवलं. कपाटाच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात, जिथे लहान बाळांचे कपडे वाळत, तिथे तिने टोपली ठेवली. अंड्यांवर एका बाजूला पेन्सिलने फुली मारली, म्हणजे उलटलं की नाही ते कळावं. इस्त्रीचे कपडे शिंपायच्या बाटलीने दिवसातून दोनदा अंड्यांवर पाण्याचं धुकं सोडलं. शर्टांची चळत आणि चादरींच्या घड्या यांच्यामध्ये ती अंडी तिच्या कामाचाच एक भाग होऊन गेली. कधी दुपारी काम कमी असलं की ती कपाटाचं दार उघडून नुसती बसायची. आतून ओल्या सुती कापडाचा, साबणाचा, कोमट वाफेचा वास यायचा आणि तिला वाटायचं, आत कोणी तरी झोपलंय. आपण बोललो तर त्यांना ऐकू जाईल.

तेविसाव्या दिवशी सकाळी, शटर वर करायच्या आधी, तिने कपाट उघडलं तेव्हा टोपलीतून बारीक आवाज आला. दुपारपर्यंत चार पिल्लं बाहेर आली होती. दोन अंडी तशीच राहिली. ताईने ती हातात घेऊन कानाशी धरली, बराच वेळ धरली, आणि मग मागच्या अंगणात पुरली.

चार पिल्लांची चार नावं तिला त्याच दिवशी सुचली. एकाच्या मानेभोवती फिकट पट्टा होता, ते कॉलर. सगळ्यात गोल आणि ठेंगणं ते बटण. ज्याचे पाय घोट्यांपर्यंत काळे होते ते कफ. आणि चौथं पिल्लू पिवळं, अगदी मऊ, नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी पोटाखाली शिरून बसणारं. त्याचं नाव तिने अस्तर ठेवलं.

तिने त्यांची सरबराई केली ती मनापासून. लॉन्ड्रीत डाग म्हणजे शत्रू, म्हणून मोठ्या खोक्याच्या तळाला तिने कपड्यांवर घालायची प्लॅस्टिकची गुळगुळीत आवरणं अंथरली आणि दिवसातून चार वेळा ती लख्ख पुसली. दाणेवाल्याकडे बदकांच्या पिल्लांचं वेगळं खाद्य नव्हतं.

"कोंबडीच्या पिल्लांचं आहे, तेच द्या," तो पिशवी बांधत म्हणाला. "चोच ती चोच."

पिल्लं पोटभर खायची, पाणी उडवायची, एकमेकांच्या अंगावर चढून झोपायची. दिवसागणिक ती फुगत चालली. ताई इस्त्री करता करता त्यांच्याशी बोलायची. गिऱ्हाईक आलं की गप्प व्हायची, गिऱ्हाईक गेलं की पुन्हा सुरू.

बारा दिवसांनी तिच्या लक्षात आलं, की हाक मारल्यावर तीनच पिल्लं येतात. अस्तर बसून राहतं. मग कफचे पाय सरकायला लागले. उभं राहायला गेलं की एक पाय इकडे, एक तिकडे, कात्री उघडावी तसे. तिने दाणेवाल्याला विचारलं.

"बदकं ती. डुलतच चालणार," तो म्हणाला.

तिला ते पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं. आणखी दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी ती एका पांढऱ्या शर्टाची पाठ दाबत होती. खोक्यात बटण उठलं आणि तिच्याकडे पाठ करून पाण्याच्या भांड्याकडे निघालं. खिडकीतून तिरपं ऊन पडलं होतं. त्या उन्हात बटणाचे दोन पाय मागून दिसले. बाहेर वाकलेले, सांध्याशी सुजलेले. दोन पायांच्या मधून पलीकडचं भांडं दिसत होतं.

ताईने ते पाय ओळखले. हातातली इस्त्री तशीच शर्टावर राहिली. धुराचा वास आला तेव्हा तिने ती उचलली, पण तोवर शर्टाच्या पाठीवर तपकिरी ठसा उमटला होता. कित्येक वर्षांत तिच्या हातून असं झालं नव्हतं.

आई गेली तेव्हा ताई बारा वर्षांची होती आणि धाकटा दहा महिन्यांचा. बाबांची रात्रपाळी असायची. ते सकाळी यायचे आणि दिवसभर झोपायचे. घर एका खोलीचं. त्यांची झोप मोडू नये म्हणून खिडकीला जाड पडदा लावलेला असे आणि त्या अंधारात ताई धाकट्याला सांभाळायची. बाहेर नेलं तर दार वाजतं, म्हणून न्यायची नाही. मऊ शिजवलेलं, गोड केलेलं, त्याला आवडेल तेच भरवायची. तो गुटगुटीत झाला होता. शेजारणी म्हणायच्या, पोरगी आईच्या वर निघाली. असं सव्वादोन वर्षं चाललं. मग एकदा दवाखान्यात सरकारी डॉक्टर आले होते. त्यांनी धाकट्याला टेबलावर उभं केलं, त्याच्या पायांवरून हात फिरवला आणि मान वर न करता विचारलं, "या पोराला ऊन दाखवलंच नाही का कोणी?"

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. ताई चौदा वर्षांची होती. तिने धाकट्याचा सदरा हातात धरला होता. तिने उत्तर दिलं नाही. नंतरही कधी, कोणालाच दिलं नाही.

जनावरांची डॉक्टर आठवड्यातून एकदा लॉन्ड्रीत यायची. तिचे पांढरे कोट ताईकडेच असत. त्यांच्या खिशांतून ताईला गवताच्या काड्या, मांजराचे केस, एकदा तर वासराच्या कानातला बिल्ला मिळाला होता. त्या दिवशी ती कोट घ्यायला आली तेव्हा ताईने कोट पुढे केले नाहीत. तिचा हात धरून तिला मागे नेलं.

डॉक्टर खाली बसली. एकेक पिल्लू तळहातावर घेऊन तिने त्यांचे सांधे चाचपले. अस्तरच्या डाव्या पायापाशी तिचा अंगठा थांबला, मागे गेला, पुन्हा तिथेच आला.

"खायला काय देता?" तिने विचारलं.

ताईने दाण्यांची पिशवी पुढे केली. "कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य. भरपूर देते. कधी कमी पडू दिलं नाही."

"भरपूर दिलंत ते दिसतंय," डॉक्टर म्हणाली. "पण कोंबडीला पुरतं ते बदकाला पुरत नाही. नायसिन म्हणून एक जीवनसत्त्व आहे. यांना ते कोंबडीच्या पिल्लांच्या दुप्पट तरी लागतं. ही भराभर वाढतात, अंग जड होतं, आणि नायसिन कमी पडलं की पाय ते वजन पेलत नाहीत. वाकतात, सुजतात." तिने खोक्याच्या तळावर बोट घासलं. ते सरकन घसरलं. "आणि हे प्लॅस्टिक. यावर यांची बोटं रोवली जात नाहीत. या काळ्या पायांच्या पिल्लाचे पाय त्यानेच फाकलेत."

"म्हणजे मीच केलं."

डॉक्टरने तिच्याकडे पाहिलं. "ताई, मी गुन्हा शोधत नाहीये. औषध सांगतेय. लिहून घेता का?"

ताईने लॉन्ड्रीच्या पावतीच्या पाठीवर लिहून घेतलं. नायसिनची गोळी कुटून पिण्याच्या पाण्यात, डॉक्टर सांगेल तेवढीच, रोज ताजी. खाद्यावर यीस्टची पूड, पाव फुगवायचं यीस्ट नव्हे, औषधाच्या दुकानात खायचं वेगळं मिळतं ते. वाटाणे शिजवून, कुस्करून. प्लॅस्टिक काढून खाली खरबरीत टॉवेल. कफच्या पायांना मऊ पट्टीची बेडी, दोन पाय अंगाखाली नीट राहतील एवढ्या अंतराने. पाच दिवस बांधायची, पण रोज सोडून बघायची, कुठे आवळत तर नाही.

"आणि पोहणं," डॉक्टर म्हणाली. "कोमट पाण्यात. पाण्यात यांच्या पायांवर वजन येत नाही, तरी पाय हलतात. आधी पाचच मिनिटं. हात खाली धरून ठेवा आणि लगेच कोरडं करा. आई असती तर तिच्या पिसांचं तेल यांच्या अंगाला लागलं असतं. ते नाही, म्हणून ही भिजतात आणि गारठतात."

"कोरडं करणं माझ्यावर सोडा," ताई म्हणाली.

"हो, ते तुम्हाला कोण शिकवणार?" डॉक्टर हसली. मग अस्तरला पुन्हा हातात घेऊन ती गंभीर झाली. "याचं मात्र वेगळं आहे. सांध्यावरची शीर जागेवरून सरकलीय. मी बसवून पाहते. पण उशीर झालाय. राहील की नाही, सांगता येत नाही."

तिने शीर बसवली तेव्हा अस्तर एकदाच ओरडलं. ताईने तोंड फिरवलं नाही.

त्या दिवसापासून लॉन्ड्रीचं वेळापत्रक बदललं. दुपारी एक ते तीन शटर अर्धं खाली यायचं. ताई सगळ्या इस्त्र्या बंद करायची. वाफ हळूहळू खाली बसायची, पण पुरती जायची नाही. दोरीवरच्या चादरींच्या मधून ती वाट काढत फिरायची आणि खोली खऱ्याहून मोठी वाटायची, तिला भिंतीच नाहीत असं वाटायचं. नाजूक कपडे भिजवायचं एक रुंद घमेलं होतं. ते ती भरायची, मनगट बुडवायची, जरा गार पाणी घालायची, पुन्हा मनगट. मग एकेक पिल्लू.

पहिल्या दिवशी पिल्लं घाबरली. पाणी पाहून त्यांनी माना ताठ केल्या आणि तिच्या बोटांना चोचीने धरलं. तिने तळवा खाली धरला आणि हळूहळू खाली खाली नेला. कुठल्या तरी क्षणी पिल्लाचं वजन तिच्या हातावरून निघून गेलं. नक्की कधी, ते तिला कळलं नाही. खाली तळवा तसाच होता, वर पिल्लू, आणि मध्ये पाण्याचा पातळ थर. जे पाय जमिनीवर दुमडत होते, ते पाण्यात मागे-पुढे, मागे-पुढे व्हायला लागले.

कफ बेडीसकट पोहायचं, दोन्ही पाय एकदम मारत, बेडकासारखं. कॉलर कडेकडेने फेऱ्या मारायचं, इन्स्पेक्टर असल्यासारखं. बटण आधी पाणी प्यायचं, मग पोहायचं. अस्तर एकाच पायाने वल्हवायचं आणि जागच्या जागी गोल फिरायचं. ताई त्याच्या दुसऱ्या बाजूला एक बोट धरायची, म्हणजे ते जरा सरळ जाई.

पाण्यात हात बुडवून बसलं की तिचे डोळे जड व्हायचे. झोप आणि जाग यांच्या मधल्या कुठल्या तरी जागेत ती तरंगत राहायची. तळव्याला इवल्या पायांचे धक्के लागत आणि तिला पोटावर लाथा मारणारं एक गुबगुबीत पोर आठवे. चादरी हलल्या की त्यांच्या मागे एक अंधारी खोली दिसायची, पलंगावर पाठ करून झोपलेले बाबा, आणि पडद्याला नाक लावून उभी असलेली एक मुलगी. ताईला तिला हाक मारावीशी वाटायची. अगं, दार उघड. वाजलं तर वाजू दे. पण त्या मुलीला ऐकू जायचं नाही. मग पाणी गार झाल्याचं मनगटाला जाणवायचं आणि ताई उठायची. एकेक पिल्लू टॉवेलात गुंडाळून, टिपून, कपाटाच्या उघड्या दाराशी मांडीवर घेऊन बसायची. कोरडी झाली की ती फुलायची. दुप्पट दिसायची.

चौथ्या दिवशी तिने कफची पट्टी सोडली आणि ते टॉवेलावर तीन पावलं चाललं. तिसऱ्याला थांबलं, जणू आपलं आपल्यालाच नवल वाटलं असावं. ताईने पट्टी पुन्हा बांधली, कारण डॉक्टरने पाच दिवस सांगितले होते. आठवड्याने कॉलरच्या सांध्यांची सूज उतरली. बटणाचे पाय वाकडेच होते, पण ते आता त्यांच्यावर उभं राहायचं, खायला धावायचं, पडायचं आणि पुन्हा धावायचं. डॉक्टर कोट घ्यायला आली तेव्हा खुशीत म्हणाली, "गाडी रुळावर येतेय. खाद्य असंच चालू ठेवा."

अस्तरची शीर दोनदा बसवली, दोनदा सरकली.

"अजून एकदा?" ताईने विचारलं.

"आता त्याला नुसतंच दुखेल, ताई," डॉक्टर म्हणाली.

मग ताईने त्याला इतरांपासून वेगळं केलं नाही, फक्त टॉवेलाचं एक वेटोळं करून दिलं. ते पाणी प्यायचं, वाटाणा हातातून घ्यायचं. पोहायला नेलं की गोल फिरायचं. दहाव्या दिवशी त्याने वाटाणा घेतला नाही. दुपारी ताईने त्याला पाण्यात सोडलं नाही, नुसतं ओच्यात घेऊन घमेल्याशेजारी बसली. बाकीची तिघं पाण्यात होती. चादरी स्थिर होत्या. तिचा डोळा लागला. तिला स्वप्न पडलं की लॉन्ड्रीत गुडघाभर पाणी आहे, कोमट, स्वच्छ, आणि त्याच्यावर शर्ट तरंगताहेत, हात पसरून, कुणाचीही घाई नसल्यासारखे. ती जागी झाली तेव्हा ओच्यातलं पिल्लू हलकं झालं होतं.

तिने त्याला अंगणात त्या दोन अंड्यांशेजारी ठेवलं. संध्याकाळी एक गिऱ्हाईक सूट घ्यायला आलं, तर तिने त्याला दुसऱ्याच कोणाचा तरी सूट दिला. ते परत आलं आणि म्हणालं, "ताई, बरं नाही का?"

"बरी आहे," ताई म्हणाली आणि आत जाऊन नळ सोडून उभी राहिली.

धाकटा दोन महिन्यांनीच परतला. काम लवकर संपलं होतं. दुपारची वेळ होती. अर्ध्या शटरखालून तो वाकून आत आला तेव्हा ताई जमिनीवर बसली होती. तीन बदकं, आता बदकंच म्हणायला हवीत एवढी मोठी, घमेल्यात मावत नव्हती तरी घुसली होती. अर्धं पाणी ताईच्या अंगावर होतं.

"अरे वा," तो म्हणाला. "माझ्या मोज्यांतून काय काय निघालं."

ताई हसली नाही. "चार होती," ती म्हणाली. "एक गेलं. माझ्यामुळे."

तो तिच्याशेजारी बसला. तिने सगळं सांगितलं. खाद्य, प्लॅस्टिक, पाय, डॉक्टर. सांगता सांगता तिचं बोलणं भलतीकडेच वळलं. पडदा आला, बाबांची झोप आली, टेबलावर उभा केलेला तीन वर्षांचा मुलगा आला. चौदा वर्षांची असल्यापासून दाताखाली धरून ठेवलेला डॉक्टरांचा तो प्रश्न तिने पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारला. मग म्हणाली, "कोणीच नव्हतं दाखवलं. मी होते ना तिथे. तुझे पाय मी घालवले."

धाकट्याने आपले वाकडे पाय पुढे पसरले. कॉलर घमेल्यातून बाहेर आलं आणि त्याच्या बुटाची नाडी ओढायला लागलं.

"दुखतात," तो म्हणाला. "थंडीत गुडघे दुखतात. तुला खोटं कशाला सांगू? पळता आलं नाही कधी, त्याचंही लहानपणी वाईट वाटायचं." त्याने नाडी हळूच सोडवून घेतली. "पण ताई, तू बारा वर्षांची होतीस. आमच्या बोटीवर मुकादमाची मुलगी येते कधी कधी. बारा वर्षांची आहे. तिला स्वतःची वेणी घालता येत नाही."

ताईने पदराने तोंड पुसलं. पदर आधीच ओला होता.

"ती खोली आठवते मला," तो पुढे म्हणाला. "पडद्याला एक भोक होतं. त्यातून भिंतीवर उजेडाचा एक ठिपका पडायचा आणि दिवसभर सरकत सरकत कोपऱ्यात जायचा. तू म्हणायचीस ती बोट आहे. आपण तिच्या मागे मागे जायचो, रांगत, आवाज न करता. आठवतं?"

"नाही," ताई म्हणाली. तिला खरंच आठवत नव्हतं.

"अजूनही कोणी विचारलं की बोटीवर कसा आलास, तर मी काहीतरी भलतंच सांगतो. पण मला माहीत आहे कसा आलो." तो तिच्याकडे वळला. "तुला कोणी सांगितलं होतं का, पोराला ऊन लागतं म्हणून?"

ताईने नाही म्हणून मान हलवली.

"मग झालं तर," धाकटा म्हणाला.

ताई रडली, पण आवाज न करता. धाकटा उठून पाणी बदलायला गेला, कारण ते गार झालं होतं. आणि त्याने त्यात हात न घालताच गरम नळ सोडला, म्हणून ताईला रडता रडता ओरडावं लागलं, "अरे, आधी मनगट बुडवून बघ."

त्यानंतरच्या रविवारी दोघं बदकांना घेऊन कालव्यावर गेली. धाकट्याच्या बोटीने एका वळणावर गाळ काढून काठाशी उथळ असा शांत डोह केला होता. काठावर त्याने आणि मुकादमाने जाळी लावून एक लाकडी खुराडं उभं केलं होतं, आत वाळलेलं गवत पसरलं होतं, आणि बदकांचं योग्य खाद्य दोन गोण्या आणून ठेवलं होतं. बसमध्ये ताईच्या मांडीवर कपड्यांची मोठी टोपली होती. शेजारी बसलेल्या बाईने टोपलीवरचा टॉवेल हलताना पाहिला आणि ती जरा सरकून बसली.

काठावर टोपली उघडली. तिघं बाहेर आली आणि उभी राहिली. कॉलर आणि कफ यांच्या पायांत आता खोट काढता आली नसती. बटणाचा एक पाय बाहेर पडायचा, तो तसाच राहणार होता. एवढं मोठं पाणी त्यांनी पाहिलं नव्हतं. ती ताईकडे वळली आणि तिच्या पायांशी गोळा झाली.

"तू गेल्याशिवाय नाही जाणार ती," धाकटा म्हणाला.

ताईने चपला काढल्या. साडी गुडघ्यापर्यंत खोचली आणि पाण्यात उतरली. पाणी गार होतं, कोमट करून द्यायला इथे काही नव्हतं. खालचा गाळ पायांच्या बोटांमधून वर आला. मऊ, रेशमी, कुठलाच डाग नको म्हणणाऱ्या बाईला शोभणार नाही असा. तिला तो आवडला. मागे टपटप आवाज झाला. आधी कॉलर, मग कफ, आणि सगळ्यात शेवटी बटण, एक पाय बाहेर टाकत, घाईघाईने. ती तिच्या दोन्ही बाजूंनी पुढे गेली आणि पाण्याने त्यांना उचललं.

दुपारभर ताई काठावर पाय पसरून बसली. ऊन पाण्यावरून उडून तिच्या चेहऱ्यावर नाचत होतं. धाकटा जाळीचा एक खिळा ठोकत होता आणि मध्येच थांबून बदकं मोजत होता, तीनच असली तरी. ताईला झोप येत होती. खूप वर्षांनी तिला वाटलं, की आपण झोपलो तरी चालेल.

"पाणी किती गार आहे, मनगटाला?" धाकट्याने विचारलं.

ती झोपली होती. त्याने हातोडी गवतात ठेवली आणि तिच्या शेजारी बसून राहिला. बदकं डोहाच्या पलीकडच्या टोकाला गेली, वळली आणि परत येऊ लागली.